तुकडे जोडा, पण न्यायाने जोडा
(कुरुळी, तालुका खेड, जिल्हा पुणे येथे शेतकरी मंडळींपुढे एका शिक्षकाने केलेले भाषण)



आज मी आपणांस पुराण सांगावयास उभा नाही. आपल्याच बांधाविषयी चार शब्द बोलणार आहे. बाप मरतो, भाऊ वाटणीस बसतात आणि प्रत्येकास प्रत्येक शेताचा वाटा हवा असतो. माळाचाही हवा, विहिरीजवळचाही हवा. हा हट्ट मूर्खपणाचा नाही. बरीवाईट जमीन सर्वांस सारखी यावी एवढाच त्यात हेतू. पण परिणाम काय? निम्मा वेळ ह्या रानातून त्या रानात जाण्यात जातो, बांधांखाली जमीन अडते, आणि विहीर खणावी तर भिजवावयास रान एका जागी नसते.

हे दुखणे जुने आहे. आपल्या शेजारचे पिंपळे सौदागर घ्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजातील डॉ. हॅरोल्ड मॅन ह्यांनी त्या गावाची पाहणी करून १९१७ साली छापली. १७७१ साली तेथे सरासरी धारणा ४० एकरांची होती. १९१५ साली ती ७ एकरांवर आली. १५६ खातेदारांचे ७२९ तुकडे, आणि त्यांतले ४६३ एकराहूनही लहान!

सरकारने १९२७ साली मुंबई कौन्सिलात ह्यावर बिल आणले. डॉ. आंबेडकरांनी त्यास विरोध केला. नुसते तुकडे थांबवाल तर गरीब भूमिहीन होईल, हे त्यांनी ओळखले होते. शेतीवर बसलेल्या जादा माणसांना धंद्यात काम मिळाले पाहिजे, हे तर त्यांनी १९१८ सालीच लिहिले होते. पुढे १९४७ साली तुकडेबंदीचा व एकत्रीकरणाचा कायदा झाला. कुरुळीतल्या कारखान्यांच्या पाट्यांवर जो ‘गट नंबर’ आपण वाचता, तो त्याच एकत्रीकरणाचा.

कायदा चांगला, पण गावोगाव असे झाले की, कागदावर शेते बदलली आणि नांगर जुन्याच रानात चालू राहिला. सातबारा एकाचा, कसणूक दुसऱ्याची! जोवर जमिनीस मोल नव्हते तोवर कोणी विचारले नाही. आता रस्ता झाला, कारखाने आले, आणि सख्खे चुलतभाऊ कोर्टाच्या पायऱ्या झिजवू लागले. त्यात पिकते कोणाचे? कागद जाणणाऱ्याचे. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तो ह्याच अज्ञानावर.

२०२३ साली महाराष्ट्र सरकारने ‘सलोखा’ योजना काढली. एकाच गावात माझे रान तुमच्या ताब्यात व तुमचे माझ्या ताब्यात, असे निदान १२ वर्षे चालले असेल, तर अदलाबदलीच्या दस्तास मुद्रांक शुल्क १००० रुपये व नोंदणी फी १००० रुपये एवढेच ठेविले. योजनेला मुदत आहे. म्हणून आधी तलाठ्याकडे चौकशी करा.

परंतु बंधूंनो, अदलाबदल म्हणजे गुंठ्यास गुंठा नव्हे. सडकेकडेचे दहा गुंठे आणि ओढ्यापलीकडचे दहा गुंठे सारखे कसे? पोत पाहा, पाणी पाहा, वाट पाहा, विहिरीतला हिस्सा व झाडे मोजा. फरक निघेल तो जमिनीने किंवा पैशाने भरून द्या. एकाने वाटे पाडावे, दुसऱ्याने आधी उचलावा, म्हणजे पाडणाऱ्याचा हात आपोआप सरळ राहतो. सरकारी मोजणी करा. सोसायटीचा वा बँकेचा बोजा पाहा. २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मिळकतीत लेकीचा वाटा मुलाइतकाच आहे. बहिणीस न विचारता केलेला सौदा म्हणजे उद्याचा दावा होय. आणि साध्या कागदावर अंगठा उठवू नका. दस्त नोंदवा, फेरफार झाला की नाही हे स्वतः पाहा.

आपण म्हणाल, मास्तर, आम्हांस वाचता कोठे येते? आपल्या लेकीस येते ना? तिला आज रात्री चुलीपुढे बसवून सातबारा मोठ्याने वाचावयास सांगा. घरातील प्रत्येकाने तो ऐकावा. ज्या घरात कागद मोठ्याने वाचला जातो, त्या घरास फसविणे सोपे नसते.

दुबळ्या भावाचे रान ओरबाडून केलेला मोठा गट हा गट नव्हे, ती लूट होय. तुकडे जोडताना मने तोडू नका, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.