गाठ निघाली, आता पुढे काय?



चालकांनी मला व्याख्यानाचा विषय विचारला. मी तो सांगितला आणि ते क्षणभर गप्पच झाले. गर्भाशयातल्या गाठी, त्यांची शस्त्रक्रिया आणि त्यानंतर मूल होण्याची आशा, हे सारे भर मंडपात कसे बोलावयाचे, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ दिसला. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' सुरू केले आणि असल्याच विषयांवर मोकळेपणाने लिहिले, तेव्हा त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली. आज माझ्यावर कोणी खटला भरणार नाही. परंतु संकोच अजून आहे, आणि त्याची किंमत स्त्रियांनाच मोजावी लागते. म्हणून मी हाच विषय घेतला, आणि चालकांनी तो मानला, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

शस्त्रक्रियेचे टाके निघाले, घरची मंडळी बाहेर गेली, की माझ्यासमोर बसलेली बाई हळूच विचारते, "बाई, पिशवी राहिली खरी, पण दिवस राहतील का?" हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे, की त्याचे उत्तर एकदा चारचौघांत द्यावे असे वाटू लागले.

प्रथम ही गाठ म्हणजे काय ते पाहू. गर्भाशय ही स्नायूंची जाड पिशवी आहे. त्या स्नायूंतीलच काही पेशी वाजवीपेक्षा जास्त वाढतात आणि त्यांची घट्ट, रबरासारखी गाठ होते. डॉक्टर तिला फायब्रॉइड म्हणतात. पन्नाशीपर्यंत निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या गर्भाशयात अशी लहानमोठी गाठ होते, आणि कित्येकींना तिचा पत्ताही लागत नाही. गाठ म्हटले की आपल्या छातीत धस्स होते. पण ही गाठ कर्करोगाची असणे अगदी विरळा.

मग मूल होण्याच्या आड ती येते केव्हा? एखाद्या घराची कल्पना करा. धोंडा खोलीच्या मध्यभागी आला, तर पाहुण्याला बसावयास जागाच उरत नाही. तो भिंतीत चिणलेला असला, तर लहान असताना अडचण नसते. मोठा झाला की भिंत आत फुगते. आणि भिंतीच्या बाहेरच्या अंगाला असला, तर आतल्या माणसाला त्याचे काहीच नाही. गाठींचेही तसेच आहे. आतल्या पोकळीत डोकावणारी गाठ गर्भ रुजण्यास आडवी येते, बाहेरच्या अंगाची सहसा येत नाही, आणि मधलीचा विचार तिच्या आकारावरून करावा लागतो. म्हणून "गाठ आहे, काढून टाका" इतके सोपे हे शास्त्र नाही. ती कोठे आहे, हे आधी विचारावे.

गर्भाशय ठेवून केवळ गाठ काढावी, हा विचार एके काळी वेडेपणाचा वाटे. लंडनचे शल्यवैद्य व्हिक्टर बॉनी यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचा हिरिरीने पुरस्कार केला. त्यांच्या स्वतःच्या पत्नीचे गर्भाशय गाठींपायी काढावे लागले होते आणि त्या जोडप्याला मूल झाले नाही. तीच वेळ दुसऱ्यांवर येऊ नये म्हणून या गृहस्थाने आपले कौशल्य पणाला लावले. एकाच गर्भाशयातून दोनशेहून अधिक गाठी काढून ते गर्भाशय त्यांनी जागच्या जागी ठेवले, अशी नोंद आहे. आज हीच शस्त्रक्रिया पोट उघडून, दुर्बिणीतून किंवा खालच्या मार्गाने होते.

आता त्या बाईच्या प्रश्नाकडे वळू. दिवस राहतील का? ढोबळ मानाने सांगावयाचे, तर अशा शस्त्रक्रियेनंतर मुलाची इच्छा धरणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे निम्म्या स्त्रियांना पुढील एकदोन वर्षांत दिवस राहतात. निम्म्या म्हणजे आशा बाळगण्याजोगे पुष्कळ. पण वचन देण्याजोगे नव्हे. ज्या डॉक्टरने वचन दिले असेल, त्याच्यापासून जरा सावधच राहावे.

पहिली गोष्ट, घाई नको. नव्या भिंतीला गिलावा केला, की आपण तिच्यावर पाणी मारतो, ती मुरू देतो. लगेच खिळा ठोकत नाही. गर्भाशयाच्या भिंतीत टाके पडले असतील, तर तीन ते सहा महिने थांबावयास सांगतात. खालच्या मार्गाने लहान गाठ काढली असेल, तर एक ते तीन महिने पुरतात. हे महिने वाया जात नाहीत. गाठींमुळे पाळीत फार रक्त गेलेले असते, हिमोग्लोबिन उतरलेले असते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय पाहणीत आपल्या देशातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभरांपैकी सत्तावन्न स्त्रियांना रक्तक्षय आढळला. तेव्हा या काळात रक्त भरून काढावे, आणि फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी रोज सुरू करावी. ती दिवस राहण्यापूर्वीच घ्यावयाची असते.

दुसरी गोष्ट, थांबण्यालाही मर्यादा आहे. पस्तिशीनंतर स्त्रीबीजांची संख्या आणि प्रत झपाट्याने उतरते, आणि गाठीही पुन्हा येऊ शकतात. वय पस्तीसच्या आत असेल तर वर्षभर, आणि पुढे असेल तर सहा महिने प्रयत्न करून पुन्हा डॉक्टरकडे जावे. नवससायासांना माझा विरोध नाही. पण नवस बोलताना कॅलेंडरही पाहावे.

तिसरी गोष्ट पुरुषवर्गासाठी आहे. मागच्या रांगेतील मंडळींनी कृपा करून उठू नये. पीक आले नाही, तर शहाणा शेतकरी जमिनीइतकेच बियाणेही पारखतो. आपल्या घरांत मात्र बाईच्या सगळ्या तपासण्या होतात, तिच्या पोटावर सुरी चालते, आणि तिच्या यजमानांची एक साधी वीर्यतपासणी झालेली नसते! अपत्य न होण्याचे कारण कित्येक जोडप्यांत पुरुषाकडे, निदान काही अंशी तरी, असते. गाठ निघूनही दिवस राहत नाहीत, तेव्हा सासूबाई सुनेकडे पाहतात. सासूबाई, एकदा चिरंजीवांकडेही पाहावे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. समजा, दिवस राहिले. घरात आनंदीआनंद झाला. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होऊन मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेली. माझ्या माहितीतील एका मुलीचे असेच झाले. एका रात्री तिचे पोट एकाएकी असह्य दुखू लागले. तालुक्याच्या दवाखान्यात तिला विचारले, "पूर्वी काही शस्त्रक्रिया?" आई म्हणाली, "काही नाही हो, एक गाठ काढली होती." ती कोठली, केवढी, गर्भाशय किती खोल उघडले होते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. कागद सासरी, कपाटात होता. तिथल्या डॉक्टरीणबाई जाणत्या होत्या. त्यांनी धोका ओळखला, वेळ दवडली नाही, आणि मायलेकरे वाचली. पण तो सारा भरवसा एका जाणत्या बाईवर होता.

धोका असा, की पूर्वीचा व्रण गरोदरपणात किंवा कळा सुरू झाल्यावर फाटू शकतो. हे शंभरांत एकीलाही होत नाही. पण होते तेव्हा घटका-दोन घटकांत दोन जीवांचा प्रश्न येतो. यासाठीच व्रण खोल असेल, तर कळा सुरू होण्यापूर्वी, सदतिसाव्या-अडतिसाव्या आठवड्यांत सिझेरियन करावे असा सल्ला बहुधा देतात. प्रत्येकीलाच ते लागते असे नाही. ते ठरते त्या शस्त्रक्रियेच्या कागदावरून. म्हणून दवाखान्यातून निघताना तो कागद मागून घ्या. मागणे हा तुमचा हक्क आहे. माहेरी जाताना साडीचोळीबरोबर तोही पिशवीत घाला. आणि पोटात एकाएकी जोराची कळ, रक्तस्राव, घेरी, किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांतले काहीही झाले, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका.

शेवटी त्या उरलेल्या निम्म्या भगिनींविषयी बोलल्याविना मला रजा घेता येणार नाही. सारे यथासांग केले, तरी काहींच्या घरी पाळणा हलत नाही. कृत्रिम गर्भधारणेचे मार्ग आहेत, दत्तकाचा मार्ग आहे, आणि दोघांनीच सुखाने राहण्याचाही मार्ग आहे. कोणता घ्यावा, हे त्या दोघांनी ठरवावे. शेजाऱ्यांनी ठरवू नये. हळदीकुंकवाला गेलेल्या बाईला "अजून काही नाही का?" असे विचारण्याची आपली एक जुनी खोड आहे. विचारणारी विसरून जाते. ऐकणारी ते शब्द घरी घेऊन जाते आणि रात्रभर उशाशी ठेवते. आज या मंडपातून उठताना एवढी एक खोड सोडण्याचे जरी आपण ठरवलेत, तरी माझे बोलणे कामी आले असे मी समजेन.