तरुण संशोधकाचा पहिला अर्ज

(सोमाटणे, ता. मावळ, जि. पुणे येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा सारांश)



संशोधन म्हटले की मोठी प्रयोगशाळा, परदेशी यंत्रे आणि जाडजूड ग्रंथ आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात. परंतु अनेक संशोधकांचा विज्ञानाच्या जगातील प्रवेश एका साध्या अर्जाने होत असतो. अमुक विषयावर मी काम केले आहे, ते परिषदेत पोस्टरच्या रूपाने मांडण्याची अनुमती मिळावी, एवढाच त्या अर्जाचा आशय असतो. हा अर्ज आपल्या तालुक्यातील मुलामुलींकडून नीट आणि वेळेवर कसा जावा, याविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

भारतीय विज्ञान काँग्रेसचे पहिले अधिवेशन 1914 साली कलकत्ता येथे भरले, तेव्हा 105 शास्त्रज्ञ उपस्थित होते आणि 35 निबंध वाचले गेले. प्रत्येकाचे म्हणणे सर्वांनी ऐकावे, हे त्या काळी शक्य होते. पुढे संशोधकांची संख्या वाढली. पुण्यास 1950 व 2000 साली आणि नागपूर येथे 2023 साली याच काँग्रेसची अधिवेशने झाली, तेव्हा जमणारा समुदाय कितीतरी मोठा होता. एवढ्या सर्वांना व्यासपीठावरून बोलण्यास वेळ कोठून द्यावा? जगभरच्या परिषदांपुढे हाच प्रश्न होता. युरोपात 1969 साली माद्रिद येथे आणि अमेरिकेत 1974 साली मिनिआपोलिस येथे भरलेल्या जीवरसायनशास्त्राच्या परिषदांत पोस्टरचा मार्ग अवलंबिला गेला व तो लवकरच रूढ झाला. सुमारे मीटरभर उंचीच्या कागदावर प्रश्न, पद्धती, निष्कर्ष व आकृत्या मांडावयाच्या आणि त्यापाशी उभे राहून येणाऱ्यांच्या शंकांना उत्तरे द्यावयाची, असे याचे स्वरूप आहे. नवख्या संशोधकास हे सोयीचे असते, कारण ज्येष्ठ शास्त्रज्ञ त्याच्या फलकापाशी येऊन त्याच्याशी समोरासमोर बोलतात.

परंतु फलकापर्यंत पोहोचण्यापूर्वी सारांश पाठवावा लागतो. परीक्षकांसमोर बहुधा एवढाच कागद असतो, आणि त्यास साधारणपणे अडीचशे-तीनशे शब्दांची मर्यादा असते. येथे आपल्या मावळातीलच उदाहरण घेऊ. आंबेमोहर भाताचा सुवास सर्वांना प्रिय. पण त्याचे पीक उंच वाढते, लोळते आणि उतारा कमी देते. उलट फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने 1966 साली प्रसारित केलेले आय. आर. 8 हे वाण बुटके व भरघोस पिकणारे. मात्र त्यास तो सुवास नाही. या दोहोंच्या संकरातून आपल्या मावळच्या भात संशोधनातून निघालेले इंद्रायणी हे वाण 1987 साली प्रसारित झाले आणि आज ते घरोघरी शिजते. पाहा, या चार-पाच वाक्यांत एका चांगल्या सारांशाचा सांगाडा आला आहे: अडचण कोणती होती, तीवर काय योजिले, हाती काय आले आणि त्याचा उपयोग कोणास झाला.

नवखा अर्जदार बहुधा उलट करतो. विषयाचे महत्त्व सांगण्यातच निम्मे शब्द खर्ची पडतात आणि स्वतः काय मोजले, किती नमुने घेतले, आकडा काय आला, हे शेवटच्या ओळीत कोंबले जाते. विद्यार्थ्यांनी आधी आपला आकडा लिहावा व मग प्रस्तावना जोडावी. भारंभार शब्द म्हणजे विद्वत्ता नव्हे. डॉ. कमला सोहोनी यांनी केंब्रिज येथे 1939 साली पीएच. डी. मिळविली, ती अवघ्या 40 पानांच्या प्रबंधावर. इंग्रजीची धास्ती वाटत असेल तर सारांश प्रथम मराठीत लिहावा, तो शेजारच्या शेतकऱ्यास वाचून दाखवावा, आणि त्याला तो समजला की मग भाषांतर करावे.

याच कमलाबाईंच्या आयुष्यातील आणखी एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन 1933 साली त्यांनी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. केवळ स्त्री म्हणून तो नाकारला गेला. संस्थेचे संचालक प्रत्यक्ष सर चंद्रशेखर व्यंकट रामन होते. कमलाबाई परतल्या नाहीत. त्यांनी आपला हक्क मांडला, घातलेल्या अटी स्वीकारल्या आणि कामाने उत्तर दिले. नाकारलेला अर्ज हा शेवट नसतो, हे तरुणांनी त्यांच्याकडून शिकावे.

मात्र मला अधिक चिंता वाटते ती न केलेल्या अर्जांची. नाकारलेल्या अर्जाची निदान नोंद राहते. न केलेल्या अर्जाची नोंद कोठेच नसते. परिषदेचे परिपत्रक सूचनाफलकावर लागलेच नाही, मार्गदर्शकांची सही मिळण्यास आठवडा लागला, नोंदणी शुल्क भरण्यास घरी पैसे नव्हते, अशा क्षुल्लक दिसणाऱ्या कारणांनी मुदत टळून जाते. आपली बुद्धी कमी पडली, असे त्या मुलीला आयुष्यभर वाटत राहते. वस्तुतः कमी पडलेली असते ती आपली व्यवस्था. आणि हानी तिच्या एकटीची नसते. पवनेच्या पाण्याविषयी, भातावरील रोगाविषयी, डोंगरउतारावरील झऱ्यांविषयी तिने जमविलेली माहिती वहीतच राहते आणि तिचा लाभ गावासही होत नाही.

म्हणून तीन विनंत्या करतो. शिक्षकांनी प्रत्येक परिषदेच्या अंतिम मुदतीपूर्वी पंधरा दिवसांची आपली स्वतःची मुदत ठेवावी व सारांश त्या आत तपासून द्यावा. सहलेखकांची संमती आणि नावांचा क्रम अर्जापूर्वीच ठरवून घ्यावा; यावरून पुढे कटुता येते. अधिकाऱ्यांनी शिफारसपत्र वा ना हरकत पत्र मागणारा कागद त्याच दिवशी हातावेगळा करावा. शुल्कात सवलत किंवा प्रवासखर्च देणाऱ्या परिषदा पुष्कळ आहेत, परंतु ती मागणी बहुधा अर्जासोबतच करावी लागते, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानी आणून द्यावे. ग्रामपंचायतीने अशी परिपत्रके आपल्या फलकावर लावावीत आणि पोस्टर सादर करून आलेल्या विद्यार्थ्यास ते ग्रामसभेत मराठीत समजावून सांगण्यास बोलवावे. सत्काराच्या नारळापेक्षा गावकऱ्यांचे प्रश्न त्यास अधिक उपयोगी पडतील.

सरावासाठी दूर जावयास नको. विद्यापीठांतर्फे होणाऱ्या 'आविष्कार' स्पर्धेत महाविद्यालयीन पातळीपासून राज्यपातळीपर्यंत पोस्टर मांडता येते, आणि शेती, वाणिज्य वा मानव्यविद्येच्या विद्यार्थ्यांनाही तेथे स्थान आहे. आपल्याच जिल्ह्यात खोडद येथे, 45 मीटर व्यासाच्या 30 दुर्बिणींच्या सान्निध्यात, राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त भरणाऱ्या प्रदर्शनात ग्रामीण शाळा-महाविद्यालयांची मुले आपले प्रयोग मांडत आली आहेत.

मित्रहो, मावळास संशोधनाची परंपरा नवी नाही. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि योगाचे परिणाम प्रयोगाने तपासून ते 'योगमीमांसा' या नियतकालिकातून त्याच वर्षापासून जगापुढे ठेवले. केलेले काम लोकांपुढे मांडावे व त्यांनी ते पारखावे, हाच त्यांचा आग्रह होता. पोस्टरचा अर्ज ही त्याच मार्गावरील पहिली पायरी होय. येत्या वर्षी सोमाटणे परिसरातील प्रत्येक महाविद्यालयीन विद्यार्थ्याने निदान एक सारांश लिहून पाहावा आणि आपण सर्वांनी तो वेळेत रवाना होईल असे पाहावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!