रंग, तंतू आणि पाणी



पांढऱ्या सुती सदऱ्यावर पडलेल्या हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो आणि तोच सदरा काही दिवस उन्हात वाळला की डाग फिका पडतो, हा अनुभव घरोघरी आहे. रंग लागणे आणि रंग टिकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून दिसते. रंगारी व्यवसायाचे सारे शास्त्र या दोहोंमधील अंतर मिटविण्यासाठी निर्माण झाले.

अमरावतीनजीकच्या नांदगाव पेठ येथे हा विषय आता केवळ पुस्तकी राहिलेला नाही. येथील औद्योगिक वसाहतीत वस्त्रोद्योग उभा राहिला आहे. त्यात भर म्हणून सुमारे १,००० एकरांवरील ‘पीएम मित्र’ वस्त्रोद्यानाची कोनशिला २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्धा येथील समारंभात बसविण्यात आली. ज्या वऱ्हाडाचा कापूस पिढ्यान्‌पिढ्या गाठी बांधून बाहेर गेला, तेथेच सूत, कापड व कपडे तयार व्हावेत हा त्यामागील हेतू आहे. परंतु कापडाबरोबर रंगाई येते आणि रंगाईबरोबर सांडपाणी येते.

प्रत्येक तंतूचा स्वभाव वेगळा असतो. कापूस व जवसाच्या खोडापासून निघणारे लिनन हे दोन्ही सेल्युलोजचे बनलेले असून त्यांना पाण्याची ओढ असते. पूर्वीचे रंगारी तुरटीच्या साहाय्याने वनस्पतींचे रंग सुतावर पक्के करीत. १९५६ मध्ये ‘रिॲक्टिव्ह’ रंग बाजारात आले. हे रंग सोड्यासारख्या अल्काच्या सान्निध्यात सेल्युलोजशी रासायनिक बंधाने जोडले जातात आणि म्हणून धुण्याने सहसा जात नाहीत. लोकर व रेशीम हे प्रथिनांचे तंतू असल्याने ते आम्लयुक्त द्रावणात रंग धरतात. पॉलिएस्टर पाण्याला जवळ करीत नाही. त्यात रंगाचे सूक्ष्म कण शिरावेत यासाठी बंद भांड्यात दाबाखाली सुमारे १३० अंश सेल्सिअस उष्णता द्यावी लागते. साहजिकच सूत व पॉलिएस्टर यांच्या मिश्र कापडाला दोन जातींचे रंग लागतात.

सुताच्या रंगाईत मात्र एक अडचण आहे. रिॲक्टिव्ह रंग जसा सुताशी जोडला जातो, तसाच तो पाण्याशीही संयोग पावतो. पाण्याशी जोडलेला रंग पुन्हा सुताला लागत नाही. तो धुऊन काढावाच लागतो. रंग सुताकडे लोटण्यासाठी द्रावणात मीठ घालतात. गडद छटेसाठी हे प्रमाण लिटरमागे ५० ग्रॅम किंवा त्याहून अधिक असते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, हे ध्यानी घेतले म्हणजे या आकड्याचे गांभीर्य कळते. आणि हे मीठ कापडावर राहत नाही. ते सर्व सांडपाण्यात उतरते.

अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतील पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्याला क्षाराचे दुःख नव्याने सांगावयास नको. विहिरीत पाणी असून ते पिण्यास वा ओलितास उपयोगी पडत नाही, हे तेथील गावांनी सोसले आहे. जेथे भूजल अद्याप गोडे आहे, तेथे ते गोडे राखणे हे म्हणूनच पहिले कर्तव्य ठरते.

सांडपाण्यातील रंग प्रक्रियेने बराचसा काढता येतो. परंतु विरघळलेले मीठ जीवाणूंना खाता येत नाही आणि गाळणीतही अडकत नाही. त्यासाठी पाणी दाबाखाली सूक्ष्म पडद्यातून न्यावे लागते आणि उरलेला खारा अंश आटवावा लागतो. ही क्रिया खर्चाची आहे. म्हणून कमी मिठावर बसणारे रंग आणि कमी पाण्यात चालणारी यंत्रे निवडणे हे कारखान्याच्याही हिताचे आहे. पाणी निवळ दिसले म्हणजे ते निर्दोष झाले, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये.

ग्रामपंचायतींनी परिसरातील विहिरींच्या पाण्याचे क्षारमान आजच तपासून नोंदवून ठेवावे व दरवर्षी पावसाळ्यापूर्वी आणि नंतर ते पुन्हा तपासावे. पहिली नोंद नसेल, तर पुढील बदल सिद्ध करणे कठीण जाते. १९७४ च्या जलप्रदूषण अधिनियमानुसार कारखान्यांना घालून दिलेल्या अटी अधिकाऱ्यांनी गावकऱ्यांना मराठीत समजावून द्याव्यात. शिक्षकांनी वर्गात सुती, लोकरी व पॉलिएस्टर चिंध्या एकाच रंगात बुडवून तंतूंचा स्वभाव मुलांना दाखवावा आणि भांड्यात उरलेले पाणीही दाखवावे.

वऱ्हाडच्या कापसाला वऱ्हाडातच रंग चढावा, ही आकांक्षा रास्त आहे. तो रंग कापडावर पक्का बसावा आणि विहिरीचे पाणी गोडे राहावे, या दोन्ही कसोट्यांना हा उद्योग उतरला पाहिजे.