प्रवासाचा चार्जर

प्रवासास निघतांना आपल्या आजोबांच्या पिढीला वळकटी आणि फिरकीचा तांब्या यांची काळजी असे. आपल्याला लॅपटॉपच्या चार्जरची असते. तांब्या घरीं राहिला तर डब्यांतील एखादा सहप्रवासी पाणी देई. चार्जर बिघडला तर मात्र शेजाऱ्याचा चार्जर आपल्या यंत्रास चालेलच असें नाहीं. म्हणून प्रवासांत नेण्याजोगा, आटोपशीर असा दुसरा चार्जर घ्यावयाचा झाल्यास तो कसा पारखावा, एवढाच विचार आज आपल्यापुढें मांडण्याचें मीं योजिलें आहे.

विषय क्षुल्लक वाटेल. मलाही तो तसाच वाटत होता. परंतु गेल्या मे महिन्यांत एका लग्नासाठीं आम्ही मुंबईहून रत्नागिरीस निघालों, तेव्हां माझी भाची बरोबर होती. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं तिची नोकरीची मुलाखत लॅपटॉपवरूनच व्हावयाची होती. निघण्याच्या दिवशींच मूळ चार्जरची वायर तुटली. मीं घाईघाईनें स्टेशनाजवळच्या एका दुकानांतून तळहातावर मावेल असा चार्जर घेतला. त्यावर ६५ वॉट असें छापलेलें होतें, आणि किंमत मूळ चार्जरच्या चौथाईसुद्धां नव्हती. ‘मूर्ति लहान पण कीर्ति महान’ असें म्हणून मीं स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

लग्नघरीं अनवाणी उभी राहून भाचीनें लॅपटॉपच्या धातूच्या कडेस हात लावतांच तिच्या बोटांना मुंग्या आल्या. रात्रीं चार्जर इतका तापला कीं त्यावर हात ठेववेना; आणि बाराच्या सुमारास फट्‌ असा आवाज होऊन जळका वास सुटला. सकाळच्या मुलाखतीसाठीं बॅटरींत जेमतेम अर्ध्या तासाची शक्ति उरली होती. शेजारीं राहणाऱ्या एका शिक्षकांचा चार्जर सुदैवानें टाइप-सी तोंडाचा होता, आणि भाचीच्या लॅपटॉपला गोल पिनेच्या छिद्राखेरीज तशी जागाही होती. म्हणून वेळ निभावली. मुलाखत चांगली झाली. पण माझ्या काटकसरीनें तिचे वर्षभराचे श्रम पणाला लावले होते, ही टोचणी मला राहिली.

मुंबईस परतल्यावर एका ओळखीच्या कारागिराकडून मीं तो जळालेला चार्जर आणि जुना मूळ चार्जर, दोन्ही फोडवून पाहिले. तेव्हां एक गोष्ट ध्यानांत आली, आणि तीच आजच्या भाषणाचें सूत्र आहे. चार्जरचें लहानपण दोन प्रकारचें असतें. एक युक्तीनें साधलेलें, दुसरें कांहीं तरी गाळून साधलेलें. बाहेरून दोन्ही सारखींच दिसतात.

हा भेद समजण्यासाठीं चार्जर काय करतो तें थोडक्यांत पाहूं. आपल्या भिंतींतील वीज २३० व्होल्टांची असून सेकंदाला ५० वेळां तिचें आवर्तन होतें. लॅपटॉपला हवी असते सुमारें १९ किंवा २० व्होल्टांची, एकाच दिशेनें वाहणारी वीज. सेकंदाला ५० आवर्तनांची वीज तशीच उतरवावयाची तर ६५ वॉटांसाठीं किलोभर वजनाचें रोहित्र लागेल. म्हणून चार्जर आधीं ती वीज एकदिश करतो. त्या वेळीं तिचा दाब सुमारें ३२५ व्होल्टांपर्यंत चढतो. मग एक सूक्ष्म विद्युत्-कळ ती सेकंदाला हजारों, कधीं लाखों वेळां तोडते-जोडते, आणि हे तुकडे लहानशा रोहित्रांतून पलीकडे जातात. विहिरीचें पाणी मोठ्या हंड्यानें चार खेपांत आणतां येतें, तसेंच लहान तांब्यानें शंभर खेपांतही आणतां येतें. खेपा जितक्या जलद, तितका तांब्या लहान चालतो. चार्जर लहान होण्याचें रहस्य तें हेंच.

अडचण अशी कीं, प्रत्येक तोड-जोडीबरोबर थोडी वीज उष्णतेंत वाया जाते. सिलिकॉनची कळ फार जलद चालविली तर ती तापते, आणि ती निववावयास धातूचा पत्रा व मोकळी जागा लागते. अलीकडे या कामीं गॅलियम नायट्राइड नांवाचा पदार्थ वापरूं लागले आहेत. त्याची कळ अधिक जलद चालते आणि कमी तापते. दुकानांत ज्यास ‘गॅन’ चार्जर म्हणतात तो हाच. हें झालें युक्तीचें लहानपण.

आतां दुसरें. ३२५ व्होल्टांची बाजू आणि आपल्या हाताशीं येणारी २० व्होल्टांची बाजू यांमध्यें चांगल्या चार्जरांत कांहीं मिलिमीटरांची मोकळी जागा जाणूनबुजून राखलेली असते, रोहित्राच्या वेटोळ्यांमध्यें जाड आवरण असतें, आणि बिघाड होतांच वीज तोडणारा फ्यूज असतो. आमच्या जळालेल्या चार्जरांत फ्यूज नव्हता, आणि त्या दोन बाजूंमधलें अंतर नखाएवढेंही नव्हतें. जागा वांचली होती ती अशी! तें अंतर ओलांडून वीज आली असती, तर ती लॅपटॉपच्या कडेवर आणि तेथून भाचीच्या हातांत आली असती. मुंग्या येणें हें नेहमींच दोषाचें लक्षण असतें असें नव्हे. विद्युत्-गोंगाट कमी करण्यासाठीं या दोन बाजूंमध्यें एक लहान संधारित्र बसवितात, आणि अर्थिंग नसेल तर त्यांतून अत्यल्प प्रवाह येतो. चांगल्या चार्जरांतही हें घडतें. परंतु ज्या चार्जरची खात्री नाहीं, त्याच्या बाबतींत अशी सूचना दुर्लक्षूं नये. धातूच्या लॅपटॉपसाठीं शक्य तर तीन पिनांचा चार्जर घ्यावा, आणि तोही अर्थिंग असलेल्या सॉकेटांतच लावावा.

मग पारख कशी करावी? पहिली गोष्ट, मूळ चार्जरवरील बारीक अक्षरें वाचावीं. २० व्होल्ट व ३.२५ अँपिअर असें लिहिलें असेल, तर त्यांचा गुणाकार ६५ वॉट होतो. व्होल्ट जुळलेच पाहिजेत; वॉट मात्र तितके किंवा अधिक असावे. अधिक वॉटांच्या चार्जरनें लॅपटॉप बिघडतो ही भीति खोटी आहे, कारण लॅपटॉप आपल्यास हवी तेवढीच वीज ओढतो. कमी वॉटांच्या चार्जरनें मात्र बॅटरी मंद गतीनें भरते, काम जड असेल तर उलट उतरतेही. आणि कांहीं लॅपटॉप असा चार्जर मुळींच स्वीकारीत नाहींत.

दुसरी गोष्ट तोंडाची. गोल पिनेच्या लॅपटॉपांत पिनेची जाडी कंपनीगणिक निराळी असते. कांहींत तर मधल्या बारीक सुईवाटे लॅपटॉप चार्जरची ओळख पटवून घेतो, आणि ती न पटल्यास बॅटरी भरण्याचेंच नाकारतो. टाइप-सीमध्यें ही कटकट बरीच कमी आहे. तेथें लॅपटॉप आणि चार्जर आधीं आपसांत बोलणी करतात, आणि ५, ९, १५ किंवा २० व्होल्टांपैकीं योग्य तो दाब ठरवितात. युरोपीय संघानें २०२२ सालीं कायदा करून टाइप-सी सक्तीचें केलें. फोनांसाठीं २८ डिसेंबर २०२४ आणि लॅपटॉपांसाठीं २८ एप्रिल २०२६ या तारखा त्यांत घातल्या. मात्र टाइप-सीचें प्रत्येक छिद्र लॅपटॉप भरण्यासाठीं असतेंच असें नाहीं. तें लॅपटॉपच्या माहितीपत्रांत पाहून घ्यावें.

तिसरी गोष्ट केबलची. टाइप-सीची साधी केबल ३ अँपिअर, म्हणजे २० व्होल्टांवर ६० वॉट वाहून नेते. त्याहून अधिक हवे असतील तर ५ अँपिअरांची, आंत ओळखीची चकती असलेली केबल लागते. चार्जर १०० वॉटांचा आणि केबल फोनाची, म्हणजे धरणाला बोरूएवढा पाट काढण्यासारखेंच होय.

चौथी गोष्ट, दोन-तीन छिद्रांच्या चार्जरची. वर ६५ वॉट हा आंकडा ठळक असतो; पण फोनही लावला तर लॅपटॉपच्या वाट्यास बहुधा ४५ च वॉट राहतात. वांटणीचा हा तपशील खोक्याच्या पाठीमागें असतो, तो दुकानांतच वाचावा.

परदेशीं जाणारांनीं चार्जरवर ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ हे शब्द शोधावे. ते असतील तर जपानच्या १०० व्होल्टांवर आणि अमेरिकेच्या १२० व्होल्टांवरही तो चालतो. बदलावा लागतो तो केवळ पिनांचा आकार.

आणि शेवटची, पण माझ्या मतें पहिली गोष्ट. आपल्या देशांत अशा चार्जरांना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. तिचा आदेश २०१२ सालीं निघाला. चार्जरवर ब्यूरोचें चिन्ह आणि ‘आर’ या अक्षरानें सुरू होणारा क्रमांक असावयास हवा. चिन्ह कोणीही छापूं शकतो. परंतु तो क्रमांक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपवर घालून पाहिला कीं नोंदणी कोणाच्या नांवावर आहे तें कळतें. या कामाला दोन मिनिटें लागतात. रत्नागिरीस जातांना तीं दोन मिनिटें मजजवळ नव्हतीं असें नाहीं. मीं तीं खर्च केलीं नाहींत, एवढेंच.

आतां भाचीच्या पिशवींत सव्वाशे ग्रॅमांच्या आसपासचा एक चार्जर असतो. तोही तळहातावर मावतो. दुकानदारानें तो दाखविला तेव्हां तिनें त्याचा आकार पाहिला नाहीं. तो उलटा करून बारीक अक्षरें वाचलीं. श्रोतेहो, आपणही तसेंच करावें, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.