राहून गेलेले छायाचित्र

जबलपुरास समुद्र नाही. पण नर्मदा आहे, आणि तिच्या काठी कॅमेरा घेऊन हिंडणाऱ्यास टिपण्यासारखे पुष्कळ आहे. भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांजवळ, टेकडीवर, दहाव्या शतकातील कलचुरींच्या काळचे चौसष्ट योगिनींचे मंदिर आहे. ग्वारीघाटावर लहानमोठी देवळे आहेत. विद्यार्थिदशेत ती सारी मी हौसेने टिपली.

ग्वारीघाटास मी जात असे तो मात्र गोंदियाच्या छोट्या गाडीने. दोन रुळांतील अंतर अवघे अडीच फूट. डब्यात नर्मदास्नानास निघालेली माणसे आणि त्यांची बोचकी. तिचे छायाचित्र घ्यावे, असे कधी मनातही आले नाही. ती तर रोजचीच!

२०१५ साली ती गाडी बंद झाली. पुढे त्या मार्गावर रुंद रूळ आले. प्रवास सुखाचा झाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण हजार वर्षांचे मंदिर आजही जागेवर आहे, आणि शतकभर धावलेली गाडी माझ्या एकाही छायाचित्रात नाही.

तेव्हा श्रोतेहो, वास्तू टिपून झाली, की जिने आपल्याला तेथवर आणले त्या बसकडे, रिक्षाकडे, नावेकडेही एकदा कॅमेरा वळवावा. देऊळ थांबेल, ती थांबेलच असे नाही.