उपनगराचा पाणवठा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



पुण्याच्या वायव्येस, मुळा आणि पवना या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात पिंपळे नावाची तीन गावे आहेत. पिंपळे निलख, पिंपळे सौदागर आणि पिंपळे गुरव. सौदागर म्हणजे व्यापारी, गुरव म्हणजे देवळाची पूजाअर्चा पाहणारा. जुन्या गावगाड्याची खूण नावातच राहिली आहे. परंतु आज पिंपळे गुरवला जो नवा मनुष्य येतो तो बहुधा खोली शोधायला येतो. त्याच्या हातात एक पिशवी असते, खिशात गावाकडच्या कोणा ओळखीच्याचा पत्ता असतो आणि डोक्यात दोनच प्रश्न असतात: भाडे किती, आणि डिपॉझिट किती?

हे स्थित्यंतर आपोआप झालेले नाही. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी मालकीचा उद्योग स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पुढील काही वर्षांत भोसरी, चिंचवड, आकुर्डीच्या माळरानांवर मोटारी, स्कूटर, यंत्रे आणि त्यांचे सुटे भाग तयार होऊ लागले. १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये तिची महानगरपालिका झाली. १९९१ च्या जनगणनेत पाच लाखांवर असलेली शहराची लोकसंख्या २००१ मध्ये दहा लाखांवर आणि २०११ मध्ये सतरा लाखांवर गेली. वीस वर्षांत तिपटीहून अधिक! इतक्या वेगाने मुले जन्माला येत नाहीत, माणसे येतात.

ती कोठून आली? फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची छावणी पिंपरीला पडली होती, ती आज कॅम्प म्हणूनच ओळखली जाते. मराठवाड्यातून माणसे आली, त्यांतली कित्येक १९७२ च्या दुष्काळाने हुसकून लावलेली. खानदेशातून आली, विदर्भातून आली, कोकणातून आली. केरळातून तंत्रज्ञ आणि परिचारिका आल्या. पुढे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून वेल्डर, फिटर, गवंडी, फरशीवाले आले. आणि पिंपळे गुरवमध्ये वैदू वस्ती आहे. जडीबुटी विकत गावोगाव हिंडणारा हा भटका समाज येथे स्थिरावला. ‘स्थिरावला’ या शब्दाला किती अर्थ आहे ते पुढे पाहू.

कारखान्यांनी माणसे बोलावली, पण ती राहणार कोठे याचा विचार फारसा कोणी केला नाही. काही मोठ्या उद्योगांनी आपल्या कायम कामगारांसाठी वसाहती बांधल्या. १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. पण बहुसंख्य कामगारांनी आपला प्रश्न आपणच सोडवला. शेतकऱ्याकडून एक गुंठा, अर्धा गुंठा जमीन घेतली आणि फंडाचे पैसे काढून त्यावर घर उभे केले. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. वर एक मजला चढवला, त्यात भाडेकरू ठेवला. सरकारदरबारी यातली बरीच घरे अनधिकृत ठरली, त्यांवर शास्तीकर बसला. तो माफ होण्यास २०२३ साल उजाडावे लागले. ज्या कामगाराने मोटार तयार केली त्याला घर बांधण्याबद्दल दंड व्हावा, हा नियोजनाचा विनोद म्हणावा लागेल.

अशा या वस्तीत राहणे कसे असते? पहाटे पाचला काटेपुरम चौकाच्या बाजूने फिरले तर कळेल. कंपनीच्या बसची वाट पाहणारे, चाकणकडे निघालेले, कमरेला डबा लटकवलेले तरुण उभे असतात. एक लातूरकडचा, एक धुळ्याकडचा, एक गोरखपूरचा. लातूरकर धुळेकराच्या अहिराणीची थट्टा करतो, धुळेकर त्याच्या ‘लई’ची करतो आणि गोरखपूरचा दोघांकडून शिव्या आधी व व्याकरण नंतर शिकतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरांत कानबाई बसते, रोटांचा वास जिन्यात भरतो. १७ सप्टेंबरला मराठवाड्याची माणसे आपला मुक्तिदिन साजरा करतात. १९४८ साली आपले आजोबा कोणत्या राजवटीत होते हे शेजारच्या पुणेकराला त्या दिवशी प्रथमच समजते. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी शहरातील नदीघाटांवर बिहारी स्त्रिया कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून मावळत्या सूर्याला अर्घ्य देतात. नदीचे ते पाणी अर्घ्य देण्याच्या लायकीचे उरलेले नाही, हा भाग वेगळा.

हे सारे मनोहर आहे आणि त्याचे कौतुक करणे सोपे आहे. महापौरांपासून मंडळांच्या अध्यक्षांपर्यंत सर्वांनी ते केले आहे. ‘लघुभारत’ हा शब्द व्यासपीठावरून किती वेळा उच्चारला गेला असेल! पण शेजारी राहणे आणि एकत्र राहणे यांत अंतर आहे. ही माणसे एका गल्लीत आली ती एकमेकांच्या ओढीने नव्हे. त्यांना कामाने आणले. म्हणून कामाचे स्वरूप बदलले की शेजाराचेही बदलते, ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे.

कामाने माणसे कशी जोडली याचे एक उदाहरण याच शहराच्या इतिहासात आहे. टेल्को कामगारांचे नेते राजन नायर. आडनाव केरळातले, पाठीशी असलेले हजारो कामगार बहुतांशी मराठी. १९८९ च्या सप्टेंबरमध्ये हे कामगार पुण्याला शनिवारवाड्यापुढे उपोषणास बसले, तेव्हा आपला पुढारी कोणत्या प्रांताचा हा प्रश्न त्यांना पडला नाही. याच महाराष्ट्रात, मुंबईत, वीस-बावीस वर्षांपूर्वी दाक्षिणात्यांविरुद्ध मोहीम झाली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या गोष्टीचे मोल कळते. तो लढा रात्रीच्या अटकसत्राने मोडला गेला. नायर यांच्या मार्गाविषयी मतभेद होते आणि आहेत. पण एका पट्ट्यावर आठ तास शेजारी उभे राहणाऱ्या, एकाच करारावर पगार ठरणाऱ्या माणसांत आडनाव मागे पडते, एवढे त्यातून दिसले.

तो पट्टा आता तुटला आहे. एकाच यंत्रावर एक कायम कामगार, एक कंत्राटी आणि एक प्रशिक्षणार्थी उभा असतो. तिघांचे काम सारखे, पगार तीन. कंत्राटी मुलाला सात-आठ महिन्यांनी खंड मिळतो आणि तो दुसऱ्या कंत्राटदाराकडे जातो. शेजाऱ्याचे नाव कळेपर्यंत शेजारी बदललेला असतो. कायम कामगार घरमालक झाला आहे आणि कंत्राटी कामगार त्याचा भाडेकरू. कारखान्यात ज्यांचे हितसंबंध एक असायला हवेत ते घरी आल्यावर भाडे देणारा आणि भाडे घेणारा म्हणून समोरासमोर येतात. कामगार चळवळीच्या ग्रंथांत या नात्याची चर्चा फारशी सापडत नाही.

आणि येथेच जुना प्रश्न नव्या दाराने आत आला. १९७० च्या दशकाच्या आरंभी बाबा आढाव यांनी ‘एक गाव, एक पाणवठा’ ही चळवळ चालवली. गावोगाव फिरून दलितांना सार्वजनिक विहिरीवर पाणी भरू देतात का, हे विचारले. जातीची कसोटी पाणवठ्यावर लागते हे त्यामागचे निदान होते. पिंपळे गुरवमध्ये पाणवठा नाही. नळ ज्याच्या त्याच्या स्वयंपाकघरात आहे. एकाच टाकीचे पाणी सहाही मजल्यांवर चढते आणि ते कोणी कोणाला नाकारू शकत नाही. मग कसोटी नाहीशी झाली काय? ती उंबरठ्यावर येऊन बसली. एजंट फोनवर प्रथम विचारतो, “फॅमिली की बॅचलर?” मग विचारतो, “आडनाव काय?” आडनावावरून उलगडा झाला नाही तर, “तुम्ही मटण-मच्छी खाता का?” तिन्ही प्रश्न सभ्य आहेत. खोली नुकतीच गेली, हे उत्तरही सभ्यच असते. मुसलमान तरुणाला ते उत्तर इतक्या वेळा मिळते की शेवटी तो आपल्यासारख्यांच्याच वस्तीत खोली पाहतो, आणि मग ‘ते लोक वेगळेच राहतात’ असे म्हणायला आपण मोकळे!

याला कायद्याची आडकाठी किती आहे? संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने नागरिकाला देशात कोठेही राहण्याचा हक्क दिला. पण २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी सहकारी गृहरचना संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने संस्थेला आपले सभासदत्व विशिष्ट समाजापुरते मर्यादित ठेवता येते असा निर्णय दिला. सहकार हा शब्द आपल्या चळवळीला प्रिय. त्याचा असा उपयोग होईल हे धनंजयराव गाडगिळांच्या पिढीच्या मनात आले नसेल.

या बाबतीत अमेरिकेतील एका उपनगराची हकीकत उद्बोधक आहे. शिकागोला लागून ओक पार्क नावाचे गाव आहे. पर्सी ज्युलियन हे थोर कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ १९५० मध्ये तेथे घर घेऊन राहावयास निघाले, तेव्हा त्या घराला आग लावण्याचा प्रयत्न झाला. पुढच्या वर्षी स्फोटके फेकली गेली. त्याच गावाने १९६८ मध्ये घर विकताना व भाड्याने देताना वर्ण पाहण्यास मनाई करणारा नियम केला. १९७२ मध्ये तेथे गृहकेंद्र सुरू झाले. घर शोधणारा गोरा असो वा काळा, त्याला सर्व गल्ल्यांतील घरे दाखवायची, एका रंगाची माणसे एका बाजूला गोळा होऊ द्यायची नाहीत, हे त्याचे काम. ओक पार्कमध्ये सारे आलबेल आहे असे नव्हे; तेथील घरे महाग झाली आणि गरीब कृष्णवर्णीय बाहेरच राहिला, ही टीका रास्त आहे. तरीही एक गोष्ट त्या गावाने ओळखली. मिसळलेली वस्ती आपोआप मिसळलेली राहत नाही, त्यासाठी कोणीतरी रोज उठून काम करावे लागते. आपल्याकडे ते काम कोणाचे आहे? महापालिकेचे नाही, प्राधिकरणाचे नव्हते, पोलिसांचे तर नाहीच. पोलीस ठाण्यात भाडेकरूची नोंद होते ती संशयित म्हणून. रहिवासी म्हणून त्याची नोंद कोठेच होत नाही.

अकरा महिन्यांचा करार असलेला मनुष्य संस्थेच्या सभेत बसू शकत नाही. त्याच्या वास्तव्याबद्दल सदनिकाधारक बिनभोगवटा शुल्क भरतो, ते त्याच्याच भाड्यातून निघते. पण टँकर किती मागवायचा हे ठरवताना त्याला मत नाही. मुलाला जातीचा दाखला हवा असेल तर आणखी मौज आहे. विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या मूळ वास्तव्याचा पुरावा लागतो. पिंपळे गुरवला जन्मलेल्या, येथेच दहावी झालेल्या मुलाने बापाच्या जिल्ह्यात खेपा घालायच्या. वैदूच्या मुलाने काय करायचे? त्याचा आजोबा १९६१ साली पालात राहत होता आणि पाल त्या वर्षी कोणत्या तालुक्यात होते हे त्याच्या गाढवालाच ठाऊक असेल.

येथे मूळ गावकऱ्यांचीही बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर हे भाषण अन्याय करील. त्यांची जमीन गेली. काहींनी विकली, काहींची आरक्षणात अडकली. शेतीचे उत्पन्न संपल्यावर चार खोल्यांचे भाडे हेच कित्येक म्हाताऱ्यांचे निवृत्तिवेतन आहे. ‘बाहेरचे आले आणि पाणी पुरेना’ असे ते म्हणतात, तेव्हा त्यांचा अनुभव खोटा नसतो. २०१९ च्या अखेरीस शहराला दिवसाआड पाणी सुरू झाले. पण पाणी येते कोठून? मावळातील पवना धरणातून. ते बंद जलवाहिनीतून शहरात आणण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळच्या शेतकऱ्यांनी द्रुतगती मार्ग रोखला, गोळीबार झाला आणि तिघे शेतकरी मरण पावले. मावळच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने पिंपळे गुरवचा मूळ गावकरी आणि कालचा बिहारी भाडेकरू हे दोघेही ‘बाहेरचे’च आहेत, पाणी पिणारे. निवडणुकीच्या तोंडावर ‘स्थानिक विरुद्ध बाहेरचे’ ही आरोळी उठवणाऱ्यांना हे कोणी ऐकवत नाही.

या गावात नटसम्राट निळू फुले यांच्या नावाचे नाट्यगृह आहे. निळूभाऊ राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून पुढे आले. पडद्यावर त्यांनी जन्मभर गावातला सरपंच, पाटील, साखरसम्राट रंगवला, ज्याच्या वाड्याच्या उंबरठ्याबाहेर बाकीचे गाव उभे असते. त्या नाट्यगृहात वर्षातून एक दिवस भाडेकरूंची सभा घेता येईल. भाषणांची गरज नाही. कोणाला कोणते कारण सांगून खोली नाकारली एवढेच ज्याने त्याने उठून सांगावे आणि ते लिहून घ्यावे. बाबांनी पाणवठ्यांबाबत असेच गावोगाव विचारून सुरुवात केली होती. त्या यादीच्या आधारे घर भाड्याने देताना जात-धर्म पाहण्यास बंदी घालणारा कायदा विधिमंडळाकडे मागता येईल आणि वर्षाहून अधिक राहिलेल्या भाडेकरूला पाण्याच्या व सुरक्षेच्या प्रश्नावर संस्थेच्या सभेत बोलण्याचा हक्क मागता येईल. घरमालक कामगारही या सभेला आला पाहिजे. त्याला आरोपी करून बोलावले तर तो येणार नाही. तोही एकदा असाच पिशवी घेऊन आला होता, ही आठवण त्याला आहे.

ही सभा घ्यायची तर ती एप्रिलच्या आत घ्यावी लागेल. मे महिन्यात गल्ल्यांतून छोटे टेम्पो फिरू लागतात. गॅसची शेगडी, घडीचा पलंग, पाण्याचे दोन पिंप आणि भिंतीवरचे घड्याळ घेऊन कुटुंबे एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जातात, कारण करार संपलेला असतो आणि नवे भाडे वाढलेले असते. मुलाचा शाळेचा दाखला बरोबर जातो. मतदार यादीतील नाव मागच्याच गल्लीत राहते.