ठेकेदार फिरकत नाही तेव्हा



आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापसाचा पैसा हाती आला किंवा प्रॉव्हिडंट फंडातून रक्कम निघाली, की घराचे काम निघते. ठेकेदार जुने टिन उतरवतो, भिंत फोडतो, निम्म्याहून अधिक पैसे उचलतो आणि दिसेनासा होतो. आपण म्हणतो, ओळखीचा माणूस आहे, येईल उद्या. तोवर मृग लागतो.

आपली बाजू लंगडी पडते ती कागदाअभावी. पैसे नगदी, मुदत तोंडी! विद्यार्थ्यांनो, घरात लिहिणारे तुम्ही आहात. साध्या कागदावर काम, दर व मुदत लिहून दोघांच्या सह्या घ्या. भिंत, स्लॅब, गिलावा असे टप्पे पाडा आणि जो टप्पा झाला त्याचेच पैसे द्या.

काम थांबलेच तर नुसते फोन करीत बसू नका. अर्धवट कामाचे फोटो काढा, जाणकाराकडून उरलेल्या खर्चाचा अंदाज लिहून घ्या आणि १५ दिवसांची लेखी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा. दुसरा मिस्त्री त्यानंतरच लावा.

घरबांधणी ही 'सेवा' आहे, हे १९९३ साली ग्राहक कायद्यात आले. २०१९ च्या कायद्यातही ते कायम आहे. यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. वकील सक्तीचा नाही, ५ लाखांपर्यंतच्या कामाला शुल्क नाही. १९१५ या क्रमांकावर सल्ला मिळतो. निकालाला वेळ लागतो, हे खरे. पण पुष्कळदा नोटिशीचे पाकीट हाती पडताच ठेकेदाराला आपले घर आठवते.